पुनर्वापरयोग्य प्रकल्प-साच्यातून जावास्क्रिप्ट पॅकेजची उभारणी : सातारा-सांगली परिसरातील महाविद्यालयीन प्रकल्पांच्या संदर्भात

प्रस्तावना :

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत तंत्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली सुरू झाले. पुढील काळात अभियांत्रिकीबरोबरच विज्ञान, वाणिज्य व संगणक अनुप्रयोग या शाखांतूनही संगणकाचे शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. या सर्व अभ्यासक्रमांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे अंतिम वर्षाचा प्रकल्प. विद्यार्थी तीन-चार जणांचा गट करतात, विषय निवडतात, संगणक प्रणाली तयार करतात, बांधीव अहवाल सादर करतात आणि तोंडी परीक्षा देऊन बाहेर पडतात.

येथपर्यंत सर्व काही नियमाप्रमाणे घडते. प्रश्न त्यानंतरचा आहे. अहवाल विभागाच्या कपाटात जातो आणि प्रणाली एखाद्या सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये राहते. पुढील वर्षीचा गट तोच किंवा त्याच्या जवळचा विषय घेऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. याचे कारण विद्यार्थ्यांच्या बुद्धीत शोधणे योग्य होणार नाही. दुसऱ्याने उचलून वापरावे असा आकार त्या कामाला पहिल्याच दिवशी दिलेला नसतो, हे त्याचे खरे कारण होय. हा आकार देण्याचे साधन म्हणजे पुनर्वापरयोग्य प्रकल्प-साचा. जावास्क्रिप्ट पॅकेजच्या संदर्भात असा साचा कसा वापरावा, त्यात काय असावे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकशास्त्राबाहेरील अध्यापकांनाही विषय समजावा या हेतूने आवश्यक त्या संकल्पना प्रथम स्पष्ट केल्या आहेत.

पॅकेज म्हणजे काय?

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. प्रारंभी ती केवळ ब्राउझरमध्ये चालत असे. २००९ साली रायन डाल यांनी नोड डॉट जेएस ही प्रणाली पुढे आणल्यानंतर ब्राउझरबाहेरील कामांसाठीही तिचा वापर वाढला. २०१० साली आयझॅक श्लूटर यांनी एनपीएम हे साधन निर्माण केले. एकाने लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्याला एका आज्ञेने आपल्या प्रकल्पात घेता यावा, अशी व्यवस्था त्यामुळे झाली. अशा रीतीने देवघेव करता येणाऱ्या कार्यक्रमाच्या एककास पॅकेज म्हणतात.

तांत्रिक दृष्टीने पाहता पॅकेज म्हणजे एक फोल्डर असते आणि त्यात ‘पॅकेज डॉट जेसन’ नावाची एक फाईल असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, वर्णन, कर्ता, परवाना, वापराची सुरुवात कोणत्या फाईलपासून होते आणि इतर कोणत्या पॅकेजांवर ते अवलंबून आहे, या नोंदी तीत असतात. ग्रंथालयशास्त्राच्या अध्यापकांना ही फाईल ग्रंथाच्या तालिकापत्रासारखी वाटेल. ग्रंथ कितीही मोलाचा असला तरी त्याची नोंद नसेल तर तो वाचकाच्या हाती पडत नाही. तसेच या नोंदीविना उत्तम कार्यक्रमही इतरांच्या उपयोगी पडत नाही.

साचा : संकल्पना

‘साचा’ हा शब्द या परिसराला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीची स्थापना केली. तेथील कारखान्याचे लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. ओतकामाच्या कोणत्याही कारखान्यात प्रथम लाकडाची प्रतिकृती तयार करतात, तिचा ठसा वाळूत घेतात आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. ही प्रतिकृती तयार वस्तूइतकीच नसते, किंचित मोठी असते. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसते, याची तरतूद प्रतिकृती घडवणाऱ्याने आधीच केलेली असते. म्हणजे साच्यात केवळ आकार नसतो. पूर्वीच्या ओतकामांतून मिळालेला अनुभवही साठवलेला असतो.

प्रकल्प-साच्याचे स्वरूप नेमके असेच आहे. चाचण्या कोठे ठेवाव्यात, परवाना कोणता द्यावा, कोणत्या फाईली प्रकाशित होऊ नयेत, आवृत्तीचा क्रमांक केव्हा बदलावा, या प्रश्नांची उत्तरे पूर्वी कोणीतरी विचारपूर्वक, प्रसंगी चुका करून, शोधलेली असतात. साचा ती उत्तरे पुढच्या प्रकल्पाला देतो. त्यामुळे वेळेची बचत हा साच्याचा दुय्यम लाभ होय. पूर्वीच्या निर्णयांची स्मृती टिकवणे हा त्याचा मुख्य लाभ आहे. विद्यार्थी जेथे दर वर्षी बदलतात, त्या महाविद्यालयाला अशा स्मृतीची गरज एखाद्या कंपनीपेक्षाही अधिक असते.

साचा मिळवण्याचे मार्ग :

१) ‘एनपीएम इनिट’ ही आज्ञा : ही आज्ञा काही प्रश्न विचारून केवळ ‘पॅकेज डॉट जेसन’ तयार करते. चाचणीची आज्ञा लिहिली नसेल तर ती जागा रिकामी न राहता तेथे ‘चाचणी दिलेली नाही’ असा संदेश दाखवून अपयश नोंदवणारी ओळ येते. चाचणीचा अभाव हे अपयशच समजावे, असा संकेत या साधनातच अंतर्भूत आहे.

२) तयार निर्माते : याच आज्ञेपुढे एखाद्या साच्याचे नाव दिल्यास एनपीएम त्या नावाचे ‘क्रिएट’ने सुरू होणारे पॅकेज उतरवून घेते आणि त्यानुसार संपूर्ण फोल्डर उभे करते. २०१२ साली आलेले योमन आणि २०१३ साली पायथनच्या जगात आलेले, परंतु कोणत्याही भाषेच्या प्रकल्पाला चालणारे कुकीकटर ही या प्रकारची प्रसिद्ध साधने होत.

३) गिटहबवरील साचा-रिपॉझिटरी : २०१९ पासून गिटहबवरील कोणतीही रिपॉझिटरी ‘साचा’ म्हणून घोषित करता येते. दुसऱ्या व्यक्तीने एक बटण दाबले की त्याच फाईली असलेली नवी रिपॉझिटरी तिच्या नावे तयार होते. येथे ‘फोर्क’ आणि साचा यांतील भेद लक्षात घ्यावा. फोर्कमध्ये मूळ कामाचा सर्व पूर्वेतिहास येतो व मूळ रिपॉझिटरीशी नाते राहते. साच्यातून जन्मलेल्या रिपॉझिटरीचा इतिहास मात्र नव्याने, एकाच नोंदीपासून सुरू होतो. त्यामुळे विद्यार्थ्यांनी स्वतः कोणत्या दिवशी कोणते काम केले हे अध्यापकांना स्वच्छपणे पाहता येते. महाविद्यालयीन उपयोगासाठी म्हणूनच हा मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो.

एक उदाहरण : मराठी अक्षरगणना

संकल्पना मूर्त होण्यासाठी एका लहान पॅकेजचा विचार करता येईल. दिलेल्या मराठी शब्दात किती अक्षरे आहेत हे सांगणे एवढेच त्याचे काम आहे, असे समजावे. शब्दकोडी, संकेतस्थळावरील अर्जांतील शब्दमर्यादा किंवा बालवाचकांसाठी मजकुराची काठिण्यपातळी ठरवणे अशा अनेक ठिकाणी त्याचा उपयोग होऊ शकतो.

काम वरवर क्षुल्लक वाटते. परंतु जावास्क्रिप्टमध्ये ‘सातारा’ या शब्दाची लांबी विचारली असता उत्तर सहा येते, ‘सांगली’ची लांबीही सहा आणि या दोन्ही जिल्ह्यांतून वाहणाऱ्या ‘कृष्णा’ची लांबीही सहाच येते. मराठी वाचकाच्या दृष्टीने मात्र पहिल्या दोन शब्दांत तीन-तीन आणि तिसऱ्यात दोन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये व्यंजन, स्वरचिन्ह, अनुस्वार आणि हलन्त यांना स्वतंत्र संकेतांक आहेत व जावास्क्रिप्ट ते संकेतांक मोजते, म्हणून असे घडते.

यावर भाषेतच ‘इंटल सेगमेंटर’ नावाची सोय उपलब्ध आहे. ती मजकूर वाचकाला दिसणाऱ्या अक्षरगटांत विभागते. तथापि येथेही एक अडचण आहे. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार ‘कृष्णा’चे विभाजन ‘कृ’, ‘ष्’ आणि ‘णा’ असे तीन भागांत होई. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला. परिणामी तोच कार्यक्रम जुन्या नियमांवरील संगणकावर तीन आणि नव्या नियमांवरील संगणकावर दोन असे उत्तर देऊ शकतो. प्रयोगशाळेत बरोबर आलेले उत्तर परीक्षकाच्या संगणकावर चुकण्याचा प्रकार असा घडतो.

चांगला साचा या ठिकाणी दोन प्रकारे उपयोगी पडतो. नोडची किमान आवृत्ती कोणती हवी हे नोंदवण्याची जागा त्यात आधीच असते. शिवाय चाचण्यांचे फोल्डर तयार असते. विद्यार्थ्याने तेथे ‘सातारा तीन, सांगली तीन, कृष्णा दोन’ एवढ्या तीन चाचण्या प्रथम लिहिल्या तर संगणक बदलला तरी चूक तत्काळ उघड होते.

या पॅकेजमुळे मराठी विभागाचाही सहभाग आवश्यक ठरतो. ‘अर्थात्’ या शब्दात अक्षरे किती? दिसणारे गट मोजले तर तीन. छंदशास्त्राच्या दृष्टीने स्वरयुक्त अक्षरे मोजली तर दोन. ‘दऱ्या’ या शब्दातील रफार संगणकात दोन निरनिराळ्या पद्धतींनी साठवला जाऊ शकतो. दिसायला शब्द एकच, पण तुलनेत संगणक त्यांना भिन्न मानतो. पॅकेज नेमके काय मोजते हे ठरवणे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे आणि तो निर्णय साच्यातील ‘रीडमी’ या परिचय-फाईलमध्ये स्पष्ट शब्दांत लिहिला गेला पाहिजे.

साच्यातील आवश्यक घटक :

महाविद्यालयीन विभागाच्या साच्यात पुढील घटक असणे इष्ट ठरते.

१) रीडमी : पॅकेज काय करते, कसे घ्यावे, वापराचे एक उदाहरण आणि ते काय करत नाही, हे चार परिच्छेद त्यात असावेत. ही फाईल मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत ठेवता येते.

२) परवाना : परवाना दिला नाही म्हणजे कार्यक्रम सर्वांसाठी खुला झाला, हा समज चुकीचा आहे. परवाना नसेल तर कायद्याने सर्व हक्क कर्त्याकडे राहतात आणि इतरांना त्याचा उपयोग करता येत नाही. ‘एनपीएम इनिट’मध्ये बदल न केल्यास सामान्यतः ‘आयएससी’ हा परवाना नोंदला जातो. तो न वाचता स्वीकारणे उचित नाही.

३) चाचण्या : नोडमध्ये २०२२ पासून अंगभूत चाचणी-सोय आली आणि २०२३ मध्ये ती स्थिर म्हणून जाहीर झाली. लहान पॅकेजसाठी बाहेरचे साधन आणण्याची त्यामुळे गरज उरली नाही.

४) स्वयंचलित तपासणी : प्रत्येक बदल रिपॉझिटरीत दाखल होताच चाचण्या आपोआप चालवणारी एक लहान फाईल.

५) आवृत्तीक्रम व बदलांची नोंदवही : आवृत्तीच्या तीन अंकांपैकी पहिला जुना वापर मोडणाऱ्या बदलासाठी, दुसरा नव्या सोयीसाठी व तिसरा दुरुस्तीसाठी वाढवावा, असा सर्वमान्य संकेत आहे. पुढील वर्षीच्या गटाला नोंदवहीतून मागील वर्षीचा विचार कळतो.

६) प्रकाशनाची मर्यादा : ‘पॅकेज डॉट जेसन’मधील ‘फाइल्स’ या नोंदीत ज्यांची नावे आहेत त्याच फाईली, तसेच रीडमी व परवाना, प्रकाशित होतात. ही नोंद साच्यात आधीच असल्यास परवलीचे शब्द असलेली खासगी फाईल चुकून जगासमोर जाण्याचा धोका टळतो.

साचा घेतल्यावर पहिल्या दिवशी करावयाच्या गोष्टी :

साच्यातून फोल्डर तयार होणे ही केवळ सुरुवात आहे. त्यानंतर लगेच पॅकेजचे नाव बदलावे. ते नाव एनपीएमच्या भांडारात आधीच घेतलेले नाही याची खात्री करावी. महाविद्यालयाच्या वा विभागाच्या नावाने स्वतंत्र ‘स्कोप’ घेतल्यास नावांचा गोंधळ टळतो. मात्र अशा स्कोपमधील पॅकेज प्रथम प्रकाशित करताना ते सार्वजनिक असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. कर्त्यांची नावे, वर्णन आणि रिपॉझिटरीचा पत्ता बदलावा. जे घटक प्रकल्पाला नको आहेत ते काढून टाकावेत. त्यानंतर, मूळ कार्यक्रमाची एकही ओळ लिहिण्यापूर्वी, एक चाचणी लिहावी आणि ती अपयशी होताना पाहावी.

प्रकाशनापूर्वी ‘पॅक’ या आज्ञेची रंगीत तालीम करून कोणत्या फाईली बाहेर जाणार आहेत हे वाचून पाहावे. प्रकाशित झालेले पॅकेज मागे घेण्याची मुभा मुख्यतः पहिल्या ७२ तासांपुरती असते, त्यानंतर अटी कडक होतात. आणि एकदा वापरलेला नाव व आवृत्तीचा जोड पुन्हा कधीही वापरता येत नाही. छापखान्यातून बाहेर पडलेल्या ग्रंथाप्रमाणेच येथेही चूक सुधारण्याचा मार्ग पुढील आवृत्ती हाच असतो.

साच्याच्या मर्यादा व धोके :

साच्याचे गुण सांगताना त्याचे दोष दृष्टीआड करणे योग्य नाही. घरात दही लावताना आदल्या दिवशीचे विरजण घेतात; विरजण आंबट असेल तर दहीही आंबटच लागते. साच्यातील एक चूक त्यातून जन्मलेल्या प्रत्येक प्रकल्पात उतरते. शिवाय प्रकल्प एकदा जन्मला की साच्याशी त्याचा संबंध तुटतो. साच्यात नंतर केलेली दुरुस्ती जुन्या प्रकल्पांत आपोआप पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून वारंवार बदलणारे नियम वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवून साच्याने त्यावर अवलंबून राहावे, अशी रीत आहे.

अवलंबित्वाची ही साखळी हाच दुसरा धोका होय. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने भांडारातून काढून घेतले, तेव्हा त्यावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची उभारणी काही तास थांबली. त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम बदलले. सप्टेंबर २०२५ मध्ये एका देखभालकर्त्याला बनावट ई-मेलद्वारे फसवून ‘चॉक’ व ‘डीबग’ यांसारख्या अत्यंत प्रचलित पॅकेजांच्या घातक आवृत्त्या प्रसृत करण्यात आल्या. त्याच महिन्यात ‘शाय-हुलूद’ या नावाने ओळखला गेलेला, एका पॅकेजमधून दुसऱ्यात स्वतःहून पसरणारा घातक कार्यक्रमही आढळून आला. म्हणून साच्यात बाहेरची पॅकेजे जितकी कमी तितके बरे. जी आहेत त्यांच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी ‘लॉक’ फाईल जपावी आणि प्रकाशनाच्या खात्यावर दुहेरी पडताळणी असावी.

तिसरी मर्यादा कालबाह्यतेची आहे. २०१६ साली आलेले ‘क्रिएट रिअॅक्ट अॅप’ हे साधन अनेक वर्षे रिअॅक्ट शिकण्याचे जणू प्रवेशद्वार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअॅक्टच्या चमूनेच नव्या प्रकल्पांसाठी ते वापरू नये असे जाहीर केले. जुन्या पाठ्यपुस्तकांतील व प्रयोगपुस्तिकांतील आज्ञा त्यामुळे विद्यार्थ्यांना मागे नेऊ शकतात. विभागाच्या साच्याचाही दर वर्षी आढावा घेतला जाणे आवश्यक आहे.

अध्यापकांची भूमिका :

सर्वांत मोठा धोका मात्र तांत्रिक नसून शैक्षणिक आहे. प्रयोगवही समोरच्याची पाहून उतरवण्याची सवय सर्वच अध्यापकांना परिचित आहे. साचा न समजता घेतला तर तो त्याच सवयीचे नवे रूप ठरेल. फोल्डर नीटनेटके दिसेल, फाईलींची नावे भारदस्त असतील आणि त्यामागे विद्यार्थ्याचा विचार मात्र नसेल. हे टाळण्यासाठी मूल्यमापनाची पद्धत बदलणे उपयुक्त ठरेल. तोंडी परीक्षेत साच्यातील कोणतीही एक फाईल दाखवून ती काढून टाकल्यास काय बिघडेल असे विचारावे. ज्याला उत्तर देता येते त्याने साचा आत्मसात केला आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निदान एकदा साच्याविना रिकाम्या फोल्डरमधून पॅकेज उभे करण्यास सांगावे, म्हणजे साचा कोणत्या अडचणी सोडवतो हे त्यांना अनुभवाने कळेल.

गुणदानातही काही भाग मागील वर्षाच्या पॅकेजमधील दुरुस्तीसाठी राखून ठेवता येईल. नवा विषय हेच गुणवत्तेचे लक्षण मानले जाते तोपर्यंत जुने काम कपाटातच राहणार. दुसऱ्याचा कार्यक्रम वाचणे, त्यातील उणीव शोधणे आणि मूळ रचना न मोडता ती दूर करणे हे कौशल्य उद्योगक्षेत्रात रोज लागते. अभ्यासक्रमात मात्र त्याला क्वचितच स्थान मिळते. आर्थिक दृष्ट्याही ही पद्धत ग्रामीण महाविद्यालयांना परवडणारी आहे. नोड, एनपीएमचे सार्वजनिक भांडार आणि गिटहबवरील सार्वजनिक रिपॉझिटरी यांसाठी शुल्क द्यावे लागत नाही आणि लहान पॅकेज लिहिण्यास साधा संगणक पुरतो.

समारोप :

जावास्क्रिप्टचे नवे पॅकेज साच्यातून सुरू करणे ही कृती काही मिनिटांची आहे. तिचे महत्त्व मात्र त्या मिनिटांत सामावलेले नाही. महाविद्यालयात विद्यार्थी येतात आणि जातात, अध्यापकांच्या बदल्या होतात. अशा ठिकाणी काय टिकावे हा खरा प्रश्न आहे. परवाना, चाचण्या, परिचय-फाईल आणि बदलांची नोंद यांसह जन्मलेले लहानसे पॅकेज पुढच्या गटाच्या हाती सुस्थितीत जाऊ शकते. त्यासाठी साचा विभागाने स्वतः तयार करावा, तो लहान ठेवावा, दर वर्षी तपासावा आणि विद्यार्थ्याला त्यातील प्रत्येक ओळीचे कारण विचारावे. मराठी अक्षरगणनेसारखी कामे आपल्या भाषेच्या जाणकारांवाचून नीट होणार नाहीत. सातारा-सांगली परिसरातील ज्या महाविद्यालयांत संगणक विभाग आणि मराठी विभाग दोन्ही आहेत, तेथे हे सहकार्य शक्य आहे. ‘कृष्णा’ या शब्दात अक्षरे किती, या प्रश्नावर ते दोन विभाग एकत्र बसले, तर त्यातून होणारे पॅकेज लहान असले तरी कपाटात पडून राहणार नाही.